मी देशाच्या विरोधात आहे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयाची निघाली, देशावर प्रेम आहे पण सरकारचं पटत नाही, मग आम्ही कोण? त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: ताई, घरच्या ग्रुपवर मी सरकारच्या एका निर्णयाबद्दल लिहिलं की हे चुकलंय, यात गरीब माणूस भरडला जाणार. भाषा साधीच होती, शिव्या वगैरे काही नाही. त्यावर मामांनी लिहिलं, "तिकडे सीमेवर पोरं मरतायत आणि तू एसीत बसून देशाच्या विरोधात बोलतेस." मामा स्वतः २२ वर्षं सैन्यात होते. नंतर कुणीच काही बोललं नाही, फक्त दोघांनी मामांच्या मेसेजला अंगठा दिला, त्यातले एक माझे बाबा. मी माझा मेसेज डिलीट केला आणि आता डिलीट का केला म्हणून झोप लागत नाही. मी खरंच देशाच्या विरोधात आहे का? (वय २९)

उत्तर: नाहीस. हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रात मी अडकले ती बाबांच्या अंगठ्यापाशी. मामांचं वाक्य कडक आहे पण ते निदान बोलले तरी, बाबांनी बोलायचं टाळून नुसतं बोट दाबलं आणि तुला ते जास्त लागलंय हे तू लिहिलं नसलंस तरी कळतं. त्यांना बहुतेक भांडण मिटवायचं असेल, घरातली बरीच माणसं असे अंगठे पटलं म्हणून देत नाहीत, विषय संपावा म्हणून देतात. पण त्यांच्याशी तू बोल, एकटी, ग्रुपवर नको.

आता मामा. त्यांना एक विचार, टोमणा म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचार, की तुमच्या २२ वर्षांच्या नोकरीत किती वेळा सरकार बदललं आणि प्रत्येक वेळी तुम्ही नवी शपथ घेतली का? नाही घेतली. शपथ एकदाच घेतात आणि ती राज्यघटनेशी निष्ठेची असते, त्यात कुठल्या पक्षाचं किंवा पंतप्रधानाचं नाव नसतं. मामांनी जी निष्ठा पाळली ती त्या त्या वेळच्या सरकारच्या प्रत्येक निर्णयाशी असती तर दर निवडणुकीनंतर त्यांना स्वतःलाच बदलावं लागलं असतं. त्यांची निष्ठा ज्या गोष्टीवर आहे तीवरच तुझंही प्रेम आहे, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

आणि सैनिकाचंच उदाहरण हवं तर एक सांगते, मला हे फार जवळचं वाटतं. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय नावाचं खेडं. अमेरिकन सैन्याचा एक २४ वर्षांचा हेलिकॉप्टर पायलट, ह्यू थॉम्पसन, वरून उडताना बघतो की खाली म्हातारी माणसं, बायका, पोरं मरून पडलीयत आणि मारणारे आपलेच सैनिक आहेत. काही गावकरी एका खंदकाकडे पळत होते आणि सैनिक त्यांच्या मागे येत होते, याने हेलिकॉप्टर त्या दोघांच्या मधे उतरवलं, आपल्या दोन साथीदारांना सांगितलं की आपल्या सैनिकांनी या लोकांवर गोळी चालवली तर तुम्ही त्यांच्यावर चालवा, आणि स्वतः खाली उतरून त्या माणसांना बाहेर काढायला गेला. त्या लोकांना सुखरूप हलवलं. नंतर याच साथीदारांपैकी एकाने प्रेतांनी भरलेल्या चरातून एक जिवंत मूल बाहेर काढलं. थॉम्पसनने परत येऊन वरिष्ठांकडे तक्रार केली. पुढे हे प्रकरण बाहेर आलं तेव्हा त्याला देशद्रोही म्हणणारी पत्रं आली, दारात मेलेली जनावरं टाकली गेली, शिक्षा याचीच व्हायला हवी असंही त्यांच्या संसदेतला एक वजनदार सदस्य म्हणाला. त्याच देशाच्या लष्कराने त्याला शौर्यपदक दिलं ते १९९८ साली, म्हणजे ३० वर्षांनी. तो त्या दिवशी देशाच्या विरोधात होता का? माझ्या मते त्या खेड्यात अमेरिकेची लाज राखणारा जो कुणी होता तो तोच होता.

'देश बरोबर असो की चूक, माझा देश' असं लोक अभिमानाने म्हणतात ना, त्याचीही एक गोष्ट आहे. १८१६ च्या सुमारास स्टीफन डिकॅटर या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने एका मेजवानीत त्या अर्थाचं म्हटलं आणि ते चिकटलं. १८७२ साली कार्ल शुर्झ नावाचा सिनेटर त्यांच्या सिनेटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला की हो, माझाच देश, बरोबर असेल तर बरोबर ठेवायचा आणि चुकला तर बरोबर करायचा. हा शुर्झ जर्मनीतून आलेला होता आणि आपल्या नव्या देशाच्या यादवी युद्धात सेनाधिकारी म्हणून लढलेला होता, त्यामुळे तुला काय माहीत देशासाठी मरणं म्हणजे काय, असं त्याला कुणी म्हणू शकलं नसतं. तुला मात्र ते म्हणतील, कारण तू लढली नाहीस. लढणं हेच जर बोलायचं तिकीट असेल तर मग देशातल्या बहुतेक माणसांनी मत द्यायलाही जाऊ नये.

मेसेज डिलीट केलास ते केलंस. पुन्हा तोच टाकू नकोस. मामांना फोन कर, आधी त्यांचं ऐक, सीमेवर असताना घरची माणसं सरकारबद्दल काय बोलत होती ते विचार, आणि मग तुझा मुद्दा सांग, गरीब माणूस भरडला जाणार म्हणजे नेमका कसा, ते सगळं सांग. मामा बदलतील असं काही मी म्हणत नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. देश, राज्यसंस्था आणि सरकार यात फरक काय? सर म्हणाले परीक्षेपुरतं पाठ कर.

उत्तर: पाठ कर पण समजूनही घे. देश म्हणजे माणसं, जमीन, भाषा, आठवणी, सगळंच. राज्यसंस्था म्हणजे घटना, कोर्टं, संसद, प्रशासन, ही कायमची चौकट. सरकार म्हणजे ती चौकट ठराविक काळ चालवायला निवडलेली माणसं. हा फरक नुसता पुस्तकी नाही, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात राजद्रोहाच्या कलमाबद्दल बोलताना हेच वेगळं काढून दाखवलं, की सरकारच्या धोरणावर कितीही कडक टीका केली तरी ती हिंसेला चिथावणी देत नाही किंवा सार्वजनिक शांतता बिघडवायचा तिचा हेतू नाही तोवर तो राजद्रोह होत नाही. आणखी एक गंमत लक्षात ठेव, लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार कोण देतं माहितीये? सरकारी तिजोरी. १९७७ साली तसा कायदाच झाला, ब्रिटनमध्ये तर १९३७ पासून आहे. सरकारला विरोध करणं हे देशाचंच काम समजलं गेलंय म्हणून त्याला पगार आहे. हे उत्तरात लिहिलंस तर सरांनाही आवडेल.

प्रश्न: मॅडम, तुमचं सदर मी नियमित वाचतो. पण या टीका करणाऱ्यांना देशात काहीच चांगलं दिसत नाही का? रस्ता झाला तरी नावं ठेवतात, पूल झाला तरी नावं ठेवतात. याला प्रेम म्हणायचं? (निवृत्त इंजिनिअर)

उत्तर: तुमचा राग मला पटतो आणि तो झटकून टाकायची माझी इच्छा नाही. काही टीका अशी असते की ज्या दिवशी देशाचं काही फसतं त्या दिवशी त्या माणसाचा चेहरा खुलतो, कारण त्याला न आवडणारा पक्ष सत्तेवर आहे आणि आता तो तोंडावर पडणार. मी हे स्वतःमध्येही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक मोठी सरकारी योजना कोलमडल्याची बातमी आली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो 'बघा, सांगितलं होतं मी' हा, ज्यांचे पैसे आणि दिवस त्यात बुडाले ती माणसं मला दहा मिनिटांनी आठवली. त्या दहा मिनिटांची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून मी असं काही लिहायला बसले की आधी बघते, हे उद्या सुधारलं आणि श्रेय सगळं यांनाच मिळालं तर मला आनंद होईल का? होणार असेल तर लिहिते.

पण तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून तुम्हालाच विचारते. पूल बांधताना साइटवर जो माणूस येऊन सांगतो की इथे काँक्रीट नीट बसलेलं नाही, पोकळ्या राहिल्यात, तो पुलाचा शत्रू असतो का? कंत्राटदाराला तो नको असतो, हे खरं. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, हार आलेले असतात, आणि हा आपला हातोडीने ठोकून आवाज ऐकत बसलेला असतो. त्याने पुलाचं कौतुक केलं नाही म्हणून तुम्ही त्याला घरी पाठवलं असतंत का? तुमच्या नोकरीत असा माणूस नक्की भेटला असेल, कदाचित तुम्हीच तो असाल. तर नुसती नावं ठेवणारा आणि हातोडी घेऊन आलेला, हे दोघं लांबून सारखेच दिसतात. हातोडीवाला बोट ठेवून जागा दाखवतो, इथे, या खांबाला, इतकं. दुसरा म्हणतो सगळंच सडलंय. पहिल्याचं तेवढं ऐका, दुसऱ्याला तुम्ही सोडून दिलंत तरी माझी हरकत नाही.

प्रश्न: मी नोकरीसाठी परदेशात असतो. जेवणाच्या सुट्टीत सहकारी माझ्या देशाच्या सरकारबद्दल विचारतात, तेव्हा मला जे मुळीच पटलेलं नाही त्याचीही मी बाजू घेतो, आणि घरी येऊन स्वतःचाच राग येतो. खरं बोलावं तर घरच्या गोष्टी बाहेर सांगितल्यासारखं वाटतं.

उत्तर: हे अवघडल्यासारखं होणं मला चांगलं लक्षण वाटतं, ज्याला काही देणंघेणं नाही तो सरळ हसून मोकळा होतो.

विली ब्रांट आठवतात का? १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा हा १९ वर्षांचा पोरगा जर्मनीतून नॉर्वेला निसटला. तिथून आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध लिहीत राहिला, १९३८ साली त्या सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. युद्धानंतर परत आला, राजकारणात उतरला, तर विरोधक विचारायचे, ती बारा वर्षं तुम्ही बाहेर काय करत होतात? जसं काही आत राहून गप्प बसलेल्यांनीच देश जपला होता. हाच माणूस १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सात, नाझींविरुद्ध लढून मेलेल्या ज्यूंच्या स्मारकासमोर, फूल वाहून झाल्यावर अचानक ओल्या दगडावर गुडघे टेकून बसला. सगळ्या जगासमोर. ज्या गुन्ह्यात याचा काडीचा हात नव्हता, उलट जो त्या गुन्हेगारांपासून जीव वाचवून पळालेला होता, त्याने देशाच्या वतीने मान खाली घातली. तेव्हा त्यांच्याकडे एक पाहणी झाली, ४८ टक्के लोकांना ते अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे त्या दिवशी बहुमत त्याच्या बाजूला नव्हतं. पण जर्मनीकडे जग पुन्हा विश्वासाने बघायला लागलं त्यात त्या गुडघ्यांचा वाटा केवढा मोठा आहे! घरची गोष्ट बाहेर सांगितली म्हणून त्याच्या घराची अब्रू गेली नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मी समोरचा कशासाठी विचारतोय ते बघेन. ज्याला समजून घ्यायचंय त्याला सरळ सांगा की हा निर्णय मला चुकीचा वाटतो, का वाटतो तेही सांगा, आणि तिथे राहून त्याविरुद्ध झगडणारी माणसं आहेत हेही सांगा, कारण तीही तुमचाच देश आहेत. ज्याला नुसतं हसायचंय त्याला काही देऊ नका. न पटलेल्याची बाजू मात्र घेऊ नका.

प्रश्न: ताई, मी सरकारी नोकर आहे. सेवानियमांमुळे जाहीर बोलता येत नाही, आणि बोललो तरी एकट्याने काय होणार? पटत नसलेल्या कागदांवर सह्या करतो. नाव छापू नये.

उत्तर: नाव छापत नाही. तुमच्या दोन ओळी मी बरेच दिवस टेबलावर ठेवल्या होत्या.

एकट्याने काय होतं याचं खरं उत्तर आहे की बऱ्याचदा त्या वेळी काहीच होत नाही. २५ ऑगस्ट १९६८, मॉस्कोचा लाल चौक, दुपारी बाराची वेळ. चार दिवसांपूर्वी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसलेले. आठ माणसं येऊन जमिनीवर बसतात. त्यातली एक कवयित्री, नताल्या गोर्बानेव्स्काया, तीन महिन्यांच्या बाळाला बाबागाडीत घालून घेऊन आलेली, आणि त्याच गाडीत बाळाशेजारी लपवलेले फलक आणि चेकोस्लोव्हाकियाचा छोटासा झेंडा. एका फलकावर लिहिलं होतं, तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी. मिनिटांत साध्या वेषातले लोक धावून आले, फलक फाडले, एकाचे दात पाडले, सगळ्यांना उचललं. काहींना कैद्यांच्या श्रमछावणीत पाठवलं, काहींना दूर हद्दपार केलं, दात पाडलेल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, आणि पुढे गोर्बानेव्स्कायालाही तेच भोगावं लागलं. रणगाडे काही परत फिरले नाहीत. त्यांच्यातली लारिसा बोगोराझ कोर्टात म्हणाली त्याचा अर्थ असा होता की गप्प बसणं म्हणजे त्या कृत्याला होकार देणाऱ्यांत सामील होणं झालं असतं, म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. देशाच्या नावावर जे चाललंय ते माझ्या नावावरही चाललंय, हे ज्याला वाटतं तोच असं बोलतो. परक्याला असं कशाला वाटेल?

तुम्हाला चौकात जाऊन बसा असं मी सांगणार नाही, तुमच्या घरी पोरंबाळं असतील आणि शिक्षा तुम्हाला होईल, मला नाही. पण न्यायमूर्ती हंसराज खन्ना चौकात गेले नव्हते, ते त्यांच्या खुर्चीतच बसले होते. आणीबाणीत खटला आला की विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का. खन्नांनी सरकारच्या वकिलाला भर कोर्टात विचारलं की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरातून कुणाचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का, आणि उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार न्यायाधीश सरकारच्या बाजूने, खन्ना एकटे विरुद्ध. सरन्यायाधीशपद हातचं जाणार हे त्यांना माहीत होतं, १९७७ च्या जानेवारीत ते गेलंच, त्यांना डावलून कनिष्ठाला नेमलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो चार जणांचा निकाल सुप्रीम कोर्टानेच उलटवला २०१७ मध्ये, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, ज्यांचे वडील त्या चारांपैकी एक होते. म्हणजे ४१ वर्षं गेली. पण खन्नांचं मत कागदावर होतं म्हणून ते पुढच्या माणसाला सापडलं.

माझे वडील एका सरकारी कचेरीत होते, फार वरच्या हुद्द्यावर नाही. एखादा प्रस्ताव पटला नाही की ते फाइलवर आपली असहमती लिहायचे, चार-पाच ओळी, नियम कुठला आडवा येतो, कुणाचं नुकसान होतं, आणि खाली सही. वरून हुकूम आला की मग तेच काम मन लावून करायचे, त्यात हयगय नाही. आई चिडायची, म्हणायची, तुम्ही लिहिल्याने काय थांबतंय? थांबलं तसं काहीच नाही, बढती मात्र दोनदा थांबली. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्या टिपणांच्या काही कार्बन प्रती सापडल्या, कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात, आणि काही ठिकाणी पेन इतकं दाबून चालवलंय की कागद फाटलाय. देशभक्ती हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. पण सरकारी स्टेशनरीतलं एक पेन त्यांनी कधी घरी आणलं नाही, आणि मुळीच न पटलेल्या कागदावर नुसती सही करून तो कधी पुढे ढकलला नाही.

सेवानियम जाहीर बोलायला मनाई करतात, पण फाइलवर मत लिहायला करत नाहीत, ते तर तुमचं कामच आहे. तेव्हा पुढचा न पटणारा कागद समोर आला की सहीच्या आधी तीन ओळी लिहा. भाषा सौम्य ठेवा, कुणाच्या हेतूवर जाऊ नका, कुठला नियम मोडतोय आणि कुणाला फटका बसतोय एवढंच लिहा, तारीख घाला. मग सही करा.